दुखऱ्या हातांचा इतिहास



बचत गोळा झाली, हप्ते भरले, मिनिट बुकावर सह्या झाल्या की गटाच्या बैठकीत उरलेल्या वेळात आपण काय बोलतो? कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा, कुणाची पाठ. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी ना कुणी म्हणतंच, "हात दुखी ऱ्हायना." मग कोपऱ्यात बसलेली एखादी मोठी माय सुनावते, "आम्ही पहाटे उठून जात्यावर पायली पायली दळलं, आम्हाले काय झालं नाही." जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजच्या भाषणात त्याच्यापासूनच सुरुवात करते. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, तो इथे उपयोगी पडतो.

खरंच जुन्या बायकांना काही होत नव्हतं का? सीरिया देशात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचं फार जुनं गाव खोदून काढलं आहे. माणूस शेती करायला शिकत होता, त्या काळातलं, म्हणजे दहा हजार वर्षांच्या आसपासचं हे गाव. तिथे सापडलेली हाडं लंडनच्या अभ्यासक थेया मॉलेसन यांनी तपासली. बायकांच्या गुडघ्यांवर, पाठीच्या मणक्यांवर आणि पायाच्या अंगठ्यांच्या सांध्यांवर झिजेच्या खुणा होत्या. कारण काय, तर दळण. त्यांचं जातं आपल्यासारखं गोल फिरणारं नव्हतं. मोठ्या पाट्यावर वरवंटा ढकलतात तसं, गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून, रोज तासन् तास दळायचं. म्हणजे दुखणं दहा हजार वर्षांपूर्वीही होतं. आपल्या मोठ्या मायचंही असणार. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

लिहून ठेवणारा एक डॉक्टर मात्र इटलीत होऊन गेला, बर्नार्दिनो रामाझ्झिनी. कामामुळे होणाऱ्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली निघालं. त्यात कुंभार, खाणकामगार यांच्याबरोबर धुणं धुणाऱ्या बायकाही आहेत. त्याचं सांगणं असं, की डॉक्टर रोग्याला बरेच प्रश्न विचारतात, त्यात आणखी एक घालावा: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं उलटून गेली. आपल्यापैकी कितीजणींना दवाखान्यात हा प्रश्न विचारला गेला आहे? केसपेपरवर 'गृहिणी' लिहून मोकळे होतात. निंदणी, वेचणी, धुणं, शेणगोठा, पापड, सगळं त्या एका शब्दात बुडून जातं.

इथे एक गंमत सांगते, गंमत म्हणायची तर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक दुखणं होतं. कपडा पिळताना, विळा धरताना, तान्हं बाळ काखेत हात घालून उचलताना तिथे कळ येते. जुन्या इंग्रजी वैद्यकीय पुस्तकांत त्याला 'धोबिणीची लचक' अशा अर्थाचं नाव होतं. पुढे १८९५ साली स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ द केर्व्हां यांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि दुखण्याला त्यांचं नाव लागलं. त्यांचं काम मोलाचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधीच्या नावात हात कुणाचा आणि काम कोणतं, हे तरी कळत होतं.

आता उपचाराकडे येते. शेकणं, चोळणं हे आपल्याकडे काही नवं नाही. बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला सुईण किंवा न्हावीण यायची. तिच्या बोटांत कसब असायचं, पण ते हलकं काम समजलं जायचं. तिला सुपात धान्य मिळे, मान मिळत नसे. इंग्लंडातही फार वेगळं नव्हतं. मालिश करणाऱ्या बाईकडे वाईट नजरेनं पाहत. तेव्हा १८९४ साली लंडनमधल्या चार नर्सनी एकत्र येऊन शिकलेल्या मालिश करणाऱ्या बायकांची संस्था काढली. शिक्षण ठरवलं, परीक्षा ठेवली, नियम केले. एक प्रकारे चार जणींचा गटच म्हणा. आज आपण जिला फिजिओथेरपी म्हणतो, तिची इंग्लंडातली व्यावसायिक संघटना त्या चौघींच्या संस्थेतून वाढली. पुढे पहिल्या महायुद्धात हजारो जखमी सैनिकांचे हातपाय पुन्हा चालते करायचे होते, तेव्हा याच शिकलेल्या बायका लागल्या.

दुसरी बाई ऑस्ट्रेलियाची, एलिझाबेथ केनी. खेड्यापाड्यांत फिरून नर्सचं काम करायची, पण नर्सिंगची पदवी नव्हती. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलाचा हातपाय फळीला बांधून ठेवत, हलवू देत नसत. केनीनं उलटं केलं. लोकरीच्या कापडाच्या पट्ट्या गरम पाण्यातून काढून पिळायच्या, त्यांनी शेकायचं, आणि हातपाय हळूहळू हलवायचा. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं. १९४० साली ती अमेरिकेला गेली, आणि दोन वर्षांत तिच्या नावाची संस्था मिनियापोलिस शहरात उभी राहिली. पोलिओ कशानं होतो याबद्दलचं तिचं म्हणणं डॉक्टरांनी मान्य केलं नाही, पण बांधून न ठेवता हलवायचं हे त्यांनी घेतलं.

आपल्या महाराष्ट्रात हे आलं तेही पोलिओच्या वाटेनं, आणि एका आईमुळे. फातेमा इस्माइल या मुंबईच्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत होत्या, महिला परिषदेचं काम करायच्या. त्यांच्या लहान मुलीला, उषाला, पोलिओ झाला. त्या तिला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. व्यायामाच्या उपचारानं मुलीला फरक पडतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या मुलीपुरतं पाहून त्या थांबल्या नाहीत. १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था त्यातून उभी राहिली. १९५५ साली हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची संस्था सुरू झाली, ती आजही आहे. फातेमाबाईंना १९५८ साली पद्मश्री मिळाली.

याच सुमारास, १९५२ च्या आसपास, मुंबईत पोलिओची साथ असताना परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. देशातलं ते पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मदत केली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती कमला निंबकर. जन्म अमेरिकेतला, १९०० सालचा, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथाचं घर. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० साली हिंदुस्थानात आली आणि इथलीच झाली. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते याच बाईंवरून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या अमेरिकेत असताना, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, मुलंबाळं असताना, फिलाडेल्फियाला पुन्हा शिकायला बसल्या. चाळिशीनंतर शिकून काय करायचं, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. परत येऊन १९५० साली त्यांनी केईएममध्येच व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा काढली. पुढे नागपूरलाही हे शिक्षण त्यांनी सुरू केलं.

व्यवसायोपचार हा शब्द जड आहे, काम सोपं आहे. फिजिओथेरपी सांधा आणि स्नायू सुधारते. व्यवसायोपचार विचारतो, या हातानं तुला काय करायचं आहे? वेणी घालायची, भाकरी थापायची, सही करायची? मग तेच काम औषधासारखं वापरायचं. विणकाम, सुतारकाम, मातीकाम यांतून बोटं पुन्हा वळायला लावायची. नाहीच वळली तर कामाचं हत्यार बदलायचं. रामाझ्झिनीचा प्रश्न इथे पुन्हा येतो, फक्त या वेळी विचारणारी बाई आहे.

हातांची गोष्ट कुष्ठरोगाशिवाय पुरी होत नाही. आपल्या भागात पूर्वी कुष्ठरोग्याचा वाकडा हात म्हणजे देवाचा कोप समजत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं रोगानं झडून पडत नाहीत. हाताला स्पर्श कळत नाही, म्हणून गरम तवा, काटा, उंदराचा चावा समजत नाही, आणि जखमा होऊन बोटं जातात. १९४८ पासून त्यांनी मुठीसारखे वळलेले हात शस्त्रक्रियेनं सरळ करायला सुरुवात केली. पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अँटिया यांनी असंच काम केलं. पण शस्त्रक्रिया ही अर्धीच गोष्ट. आधी आणि नंतर आठवडेच्या आठवडे बोटांचे व्यायाम करून घ्यावे लागत, नाहीतर सरळ केलेलं बोट पुन्हा तसंच. आजही कुणाच्या कातडीवर न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि वेळेवर घेतलं तर हात वाकडा होणं बहुतेक वेळा टळतं.

पोलिओ देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. पण त्याआधीच एका वेगळ्या तापानं आपल्याला सांध्यांची आठवण करून दिली होती. २००६ चा चिकुनगुनिया! आपल्या शेजारी मालेगावात त्या वर्षाच्या सुरुवातीलाच हजारो लोक आजारी पडले, मग राज्यभर. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. ताप आठवड्यात गेला, सांधे कित्येकींचे महिनोन् महिने आखडलेले राहिले. कणिक मळता येईना, बादली उचलता येईना. तेव्हा गावोगाव काय झालं? गोळ्या, सलाईन, बिब्ब्याचे चटके, आणि बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, ज्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि मग तोंड सुजतं. हात हलवायचा कसा, किती, कधी, हे मात्र फार थोड्या जणींना कुणी शिकवलं. फिजिओथेरपी खेळाडूंची आणि शहरातल्या लोकांची, असं आपणच धरून चाललो होतो.

तशी ती आता लांब नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१०-११ साली वृद्धांच्या आरोग्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. कागदावर आहे ते प्रत्यक्ष मिळतं का, हे ग्रामसंघानं जाऊन विचारायला हरकत नाही. आपण रेशनचं विचारतो तसंच.

तिथे गेलात तर चार गोष्टी लक्षात ठेवा. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे, ते सांगा. सकाळी दोन्ही हातांची बोटं सुजलेली आणि तासभर आखडलेली असतील, तर नुसत्या व्यायामावर राहू नका. तो संधिवात असू शकतो, त्याला आधी डॉक्टरचं औषध लागतं. गुडघ्याची झीज असेल तर मांडीचा स्नायू बळकट करणं हा मुख्य उपचार. पाय सरळ करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून धरायचा आणि सोडायचा, हा व्यायाम बहुतेक ठिकाणी शिकवतात. आणि चौथी, शिकवलेलं घरी रोज करायचं. फिजिओथेरपिस्ट रोज आपल्या घरी येणार नाही.

आमच्या एका गटात पापडाचं काम आहे. उन्हाळ्यात सातआठ जणी दिवसभर लाटतात. अंगठा सगळ्यांचाच दुखायचा. लाटण्याच्या दोन्ही टोकांना जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून पकड जाड केली, पोळपाट जमिनीवरून उचलून चौरंगावर ठेवला, आणि तासाला लाटणारी व वाळत घालणारी यांची अदलाबदल केली. खर्च काहीच आला नाही. त्यातल्या दोघींचा अंगठा तरीही दुखतच राहिला, म्हणून त्यांना दवाखान्यात पाठवलं. जाताना केसपेपरच्या खिडकीवर काय सांगायचं, ते त्यांनी घरूनच पाठ करून नेलं: "धंदा लिहा, भाऊ. पापड लाटते, कापूस वेचते."