उतरलेले पुतळे, उरलेले चौथरे

दिल्ली दर्शनाच्या बसमधून इंडिया गेटपाशी उतरलेला पर्यटक आधी कमानीसमोर फोटो काढतो आणि मग मागच्या दगडी छत्रीकडे वळतो. तिथे आज नेताजी सुभाषचंद्र बोस सलामी देत उभे आहेत. काळ्या ग्रॅनाइटच्या एकाच शिळेतून घडवलेला हा २८ फुटी पुतळा मैसूरचे शिल्पकार अरुण योगीराज यांचा. ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचं अनावरण झालं. त्याआधी तब्बल ५४ वर्षं ही छत्री रिकामी होती. राजधानीच्या सगळ्यांत मोक्याच्या जागी, सगळ्या देशाच्या नजरेसमोर, एक मोकळा चौथरा! दिल्लीने आपल्या जेत्यांच्या स्मारकांचं काय केलं हे समजून घ्यायचं, तर सुरुवात इथूनच करायला हवी.

छत्री वास्तुविशारद लुटियन्सच्या आराखड्यातली, १९३६ सालची. तिच्याखाली पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता. चार्ल्स सार्जंट जॅगर या इंग्रज शिल्पकाराने तो घडवायला घेतला होता. राजाची नजर थेट किंग्जवेवरून व्हाइसरॉयच्या महालाकडे लागलेली. स्वातंत्र्यानंतर किंग्जवेचा राजपथ झाला, महालाचं राष्ट्रपती भवन झालं, दर २६ जानेवारीला प्रजासत्ताकाचं संचलन होऊ लागलं. पण राजा होता तिथेच होता. पुतळे पाडण्याची घाई नव्या सरकारने केली नाही. लोकांचा संयम मात्र सुटत चालला होता. ऑगस्ट १९६५ मध्ये समाजवादी कार्यकर्त्यांनी पुतळ्याला डांबर फासलं, मुकुट, नाक आणि एक कान फोडला आणि जाताना तिथे नेताजींची तसबीर ठेवली. अखेर १९६८ मध्ये पुतळा उतरवून शहराच्या उत्तर टोकाला नेण्यात आला. मोकळ्या चौथऱ्यावर गांधीजींना बसवावं, अशी सूचना वारंवार आली. पण सम्राटाच्या छत्रीखाली, सम्राटाच्या जागी गांधी? तो वाद मिटला नाही आणि छत्री रिकामीच राहिली. त्या तसबिरीतले नेताजी तिथे पुतळ्याच्या रूपाने आले, ते पुढच्या शतकात.

समोरची कमानही मुळात साम्राज्याचीच. १० फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कनॉटने पायाभरणी केली, १९३१ मध्ये लॉर्ड आयर्विनने तिचं उद्घाटन केलं. पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातले ७० हजारांहून अधिक सैनिक मेले, त्यांच्यासाठी ही ४२ मीटर उंचीची कमान. भिंतींवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा-कोल्हापूर-कोकणातल्या घराघरांतून गेलेली ही माणसं. स्वतंत्र भारताने ही कमान नाकारली नाही, आपलीशी केली. बांगलादेश युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ ला तिच्याखाली अमर जवान ज्योत पेटली. २५ फेब्रुवारी २०१९ ला शेजारीच राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं आणि २१ जानेवारी २०२२ ला ती ज्योत तिथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. नव्या स्मारकात एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर, वीरता, त्याग आणि रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका जवानाचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. हुद्दा कोणताही असो, प्रत्येकाला वीट एकच. बसच्या ठरलेल्या वेळेत ही नावं वाचून होत नाहीत. निदान आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जवानाचं नाव शोधावं, इतका वेळ तरी तिथे काढायला हवा.

छत्रीखाली ज्यांना जागा मिळाली नाही, त्या गांधीजींनी तीस जानेवारी मार्गावरच्या बिर्ला हाउसमध्ये आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस काढले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उठवून ठेवली आहेत. मारेकरी महाराष्ट्रातून आले होते, हे त्या पावलांच्या बाजूने चालताना मराठी माणसाला आठवल्यावाचून राहत नाही. ३१ जानेवारी १९४८ ला यमुनाकाठी राजघाटावर जिथे गांधीजींचं दहन झालं, तिथे वास्तुविशारद वानू भुता यांनी काळ्या दगडाचा एक बुटका चौथरा तेवढा ठेवला. वर छत नाही, पुतळा नाही. मोगल आणि इंग्रज, दोघांनीही भव्यतेची हौस भागवून घेतलेल्या या शहरात राजघाटाचा साधेपणा सगळ्यांत जास्त मनाला भिडतो.

लाल किल्ल्यात मराठ्यांचा इतिहास आहे, पण गाइड तो क्वचितच सांगतात. दिवाण-ए-खासचं छत एके काळी चांदीने मढवलेलं होतं. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता. भाऊंनी ती चांदी उतरवून वितळवली. पुढे पाच महिन्यांत पानिपत झालं. त्या घावातून सावरून मराठे १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत आले आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या संरक्षणात मोगल बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला. १८०३ पर्यंत दिल्लीच्या बादशहाचे खरे पाठीराखे शिंदेच होते. ते संपलं यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत, ११ सप्टेंबर १८०३ ला, इंग्रज जनरल लेकच्या हातून. तिथला इंग्रजांचा विजयस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. दिल्लीवरचा मराठी अंमल जिथे संपला, त्या जागी खेळाडू चेंडू टोलवतात. तिकडे एखादी सहल गेल्याचं ऐकिवात नाही.

लाल किल्ल्यानंतर बहुतेक बसगाड्या दक्षिणेला कुतुबमिनारकडे वळतात. इथे त्यांचं चुकतं. उत्तरेला काश्मिरी गेट ओलांडलं की १८५७ ची दिल्ली सुरू होते. या वेशीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन मेलेला इंग्रजी फौजेचा अधिकारी जॉन निकल्सन जवळच्या दफनभूमीत आहे. त्याचा पुतळाही इथेच होता. स्वातंत्र्यानंतर तो उत्तर आयर्लंडला, डंगॅननमधल्या त्याच्या शाळेला देण्यात आला आणि १९६० मध्ये तिथे उभा राहिला. फोडला नाही, वितळवला नाही, त्याच्या शाळेत पोचवला.

पुढे रिज, म्हणजे दिल्लीच्या डोंगरकण्याचा उत्तरेकडचा तुकडा. इथलं हिंदूराव रुग्णालय दिल्लीकरांच्या रोजच्या बोलण्यातलं. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ग्वाल्हेरचं राजकारण फिरल्यावर ते दिल्लीत येऊन राहिले आणि विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा रिजवरचा बंगला त्यांनी घेतला. १८५७ च्या उठावाआधीच ते वारले; पण वेढ्याच्या दिवसांत इंग्रजांचा सगळ्यांत कळीचा मोर्चा त्याच बंगल्यात होता आणि तो सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी राखला. बंगल्याचं रुग्णालय झालं, तरी नाव राहिलं. जुन्या शहरालगतच्या एका वस्तीलाही आजपर्यंत ‘बाडा हिंदूराव’ म्हणतात. कोल्हापूरकडून येणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असेल?

रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणवला. अठराव्या शतकात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि इंग्रजांनी १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. तिथून थोड्या अंतरावर लाल दगडाचा, गॉथिक धाटणीचा एक अष्टकोनी मनोरा दिसतो. १८६३ मध्ये बांधलेलं हे ‘म्युटिनी मेमोरियल’. दिल्ली परत घेणाऱ्या इंग्रजी फौजेचा हा गौरवस्तंभ. बाजूंच्या कोनाड्यांत पाट्या आहेत: पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं, पलटणींच्या याद्या, मेलेल्या-जखमींचे आकडे. ज्यांच्याशी लढाई झाली, ते मात्र या पाट्यांवर फक्त ‘शत्रू’. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, सरकारने मनोऱ्याला अजितगढ नाव दिलं आणि जुन्या पाट्यांना हात न लावता एक नवी पाटी बसवली. या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटलं आहे, ते परकीय सत्तेविरुद्ध उठून देशाच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते, असा तिचा आशय. दोन्ही मजकूर आज एकाच इमारतीवर वाचता येतात. जेत्याच्या स्मारकाला उत्तर देण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग राजधानीत दुसरा नाही.

आणखी उत्तरेला, बुराडीच्या रस्त्यावर कॉरोनेशन पार्क आहे. १८७७, १९०३ आणि १९११ असे तिन्ही दिल्ली दरबार याच माळावर भरले. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा इथे केली. सिंहासनाच्या जागी आता दगडी सूच्याकार स्तंभ आहे. त्याच दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच मान लववून सम्राटाकडे पाठ करून निघाले आणि इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब उडाला. त्याच्या ३४ वर्षं आधी, पहिल्या दरबारात, राजेरजवाड्यांच्या जडजवाहिरात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत आले होते आणि हिंदी लोकांना इंग्रजांच्या बरोबरीचं स्थान द्या, असं मागणं मांडून गेले. गांधी तेव्हा सात वर्षांचे होते.

इंडिया गेटजवळच्या छत्रीतून उतरवलेला पंचम जॉर्ज आज याच बागेत उभा आहे. आजूबाजूला हार्डिंग, विलिंग्डन यांच्यासारखे व्हाइसरॉय आणि काही नुसते चौथरे, ज्यांवर पुतळे कधी आलेच नाहीत. १९११ ला शंभर वर्षं होताना बागेची डागडुजी करायचं ठरलं होतं. ते काम रेंगाळलं. आजही तिथे पर्यटकांपेक्षा क्रिकेट खेळणारी पोरंच जास्त दिसतात. सार्वजनिक काकांच्या नावाची एक साधी पाटी या माळावर लागायला हवी. महाराष्ट्र सरकारने आणि दिल्लीतल्या मराठी मंडळांनी तिचा पाठपुरावा करावा.

तोवर दिल्लीला जाणाऱ्यांनी एवढं करावं: कुतुबमिनार दुसऱ्या दिवशी ठेवावा आणि लाल किल्ल्यानंतरची दुपार उत्तर दिल्लीला द्यावी. पुल बंगश मेट्रो स्टेशनवर उतरलं की अजितगढ आणि हिंदूराव जवळच आहेत. कॉरोनेशन पार्कला पुढे रिक्षाने जाता येतं.