रंगमंचावरील दिवे: आगीतून घडलेले नियम

एकोणिसाव्या शतकात युरोपातील नाट्यगृहे गॅसच्या ज्योतींनी उजळत असत आणि या ज्योतींशेजारीच रंगवलेले कापडी पडदे टांगलेले असल्याने आगीचे भय कायमचेच होते. 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये गॅसदिवे पेटवताना भडकलेल्या आगीत शेकडो प्रेक्षक दगावले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेने उजळला, तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी मलमलीत गुंडाळलेला पेटता दिवा प्रेक्षकांसमोर फोडला आणि कापड पेटत नाही हे सिद्ध केले.

विजेने मात्र धोका संपवला नाही, त्याचे रूप बदलले. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आर्क दिव्याची, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत्प्रवाहाने पेटणाऱ्या दिव्याची, ठिणगी पडद्याला लागली; आगरोधक पडदा मध्येच अडकला, अनेक दारे उघडेनात आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

विजेच्या अशा धोक्यांना आळा घालण्यासाठी, विल्यम मेरिल यांनी 1894 मध्ये शिकागोतच स्थापन केलेल्या, पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांनी प्रमाणनाची, म्हणजे उपकरणाची तटस्थ चाचणी घेऊन त्यावर मान्यतेचे चिन्ह देण्याची, पद्धत रुजवली. आज आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या 60598 या मानक-मालिकेतील 2-17 हा भाग रंगमंच आणि चित्रीकरणगृहांतील दिव्यांसाठीच आहे. त्यात तापमानाबरोबरच, मुख्य टांगणी निसटली तरी दिवा कोसळू नये यासाठीच्या दुसऱ्या स्वतंत्र आधाराचाही विचार केलेला आहे.