अनारसा आणि अइरसा : एका तळीव पक्वान्नाच्या नावांचा इतिहास

१

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. करडई या तेलबीलाही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी करडी म्हणतात. तळलेल्या गोड पदार्थांचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्याला हा योगायोग मोठा सोयीचा वाटावा : गावाच्या नावातच तेल सापडले! परंतु करडी हा भाताचा व तलावांचा मुलूख आहे. तेथील जुने तेल म्हणजे जवसाचे. कारण भाताच्या उभ्या पिकात ओल असतानाच जवस व लाखोळी फेकून पेरण्याची रीत या भागात रूढ होती. तेव्हा नामसाम्यावरून गावाचा आणि तेलबियांचा संबंध जोडणे हे व्युत्पत्ती नव्हे, कोटी होय. हा मुद्दा आरंभीच मांडण्याचे कारण असे की, खाद्यपदार्थांच्या इतिहासलेखनात अशा कोट्यांना प्रमाणाचे स्थान फार लवकर मिळते. शब्द एका वाटेने येतो, वस्तू दुसऱ्या वाटेने येते, आणि ज्या प्रसंगी ती केली जाते तो विधी तिसऱ्याच वाटेने आलेला असतो. या तीन वाटा वेगळ्या ठेवून अनारशाच्या नावाचा विचार करणे, आणि त्या विचारात करडीसारख्या सीमाभागातील बोलीचे महत्त्व किती आहे ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम नाव एक आणि वस्तू अनेक, अशी उदाहरणे पाहू.

संस्कृत ‘खाद्य’, प्राकृत ‘खज्ज’, आणि जोडाक्षराचा लोप होऊन मागील स्वर दीर्घ झाल्यावर मराठी ‘खाजा’ किंवा ‘खाजे’; ही परंपरा ध्वनिनियमांना धरून असून तीत शंकेला जागा नाही. परंतु मालवणच्या जत्रेतला खाजा म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा लेप. बिहारमधील सिलावचा खाजा म्हणजे गव्हाच्या पिठाचे पापुद्रे. पुरीच्या जगन्नाथाच्या प्रसादातील खजाही पापुद्र्यांचाच. कन्नड ‘कज्जाय’ हे नाव याच कुळातले दिसते. पण तो पदार्थ तांदूळ व गूळ यांचा, म्हणजे आपला अनारसाच होय. मूळ शब्दाचा अर्थ ‘खावयाचे ते’ एवढाच असल्यामुळे प्रत्येक प्रांताने आपापल्या आवडत्या पदार्थाला तो लावला. शब्द एक आहे म्हणून पदार्थही एकाच उगमाचे मानले, तर बेसन, गहू आणि तांदूळ यांची एकच वंशावळ मांडावी लागेल.

शंकरपाळ्याची हकीकत अधिक बोधक आहे. फार्सीत ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. तुर्कस्थानात ‘शेकेरपारे’ या नावाने जो पदार्थ मिळतो तो तळलेला नसून भाजलेला व पाकात भिजविलेला असतो. उत्तर हिंदुस्थानातील शकरपारा तळलेला असतो. आणि मराठीत ‘शकर’चे ‘शंकर’ होऊन महादेवाचे नाव घरच्या डब्यात येऊन बसले. लोकव्युत्पत्तीचे याहून सुबक उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही. मौज अशी की, फार्सी ‘शकर’ हा शब्द स्वतः भारतीय ‘शर्करा’चाच वंशज आहे. शब्द परदेशी जाऊन नव्या रूपाने परत आला, आणि घरच्यांनी त्याला न ओळखता तिसरेच नाव दिले.

३

जिलबीच्या बाबतीत उलट प्रकार घडला. अरबीतील ‘झुलाबिया’ व फार्सीतील ‘झोलबिया’ ही नावे जुनी असून दहाव्या शतकातील इब्न सय्यार अल-वर्राक याच्या बगदादी पाकग्रंथात या पदार्थाचे प्रकरण आहे. आपल्याकडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी जिलबीच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहून पंधराव्या शतकाच्या मध्यातील ‘प्रियंकरनृपकथा’ या जैन ग्रंथातील उल्लेख पुढे आणला, आणि तंजावरच्या मराठी राजदरबाराशी संबंधित असलेल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहल’ या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील संस्कृत ग्रंथाचीही साक्ष काढली. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त हाच पदार्थ ‘कुंडलिनी’ या नावाने येतो. म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या नावाची संस्कृत पंडितांना अडचण वाटली आणि आकारावरून त्यांनी नवे नाव घडविले. परंतु बाजाराने ते कधी स्वीकारले नाही. ‘कुंडलिनी’ पोथीत राहिली, ‘जिलबी’ जिभेवर राहिली. केवळ संस्कृत नाव आढळले म्हणून वस्तू प्राचीन ठरत नाही, हा धडा गोड्यांच्या पद्धतीतून घेण्यासारखा आहे.

तथापि तळलेले गोड पदार्थ परक्यांकडूनच आले असा निष्कर्ष यातून काढणे तितकेच चुकीचे ठरेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घृतयुक्त ‘अपूपा’चा उल्लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘पूरिका’ व ‘घारिका’ ही नावे येतात. आपल्या पुरीचे व घारीचे मूळ या नावांत आहे. दक्षिणेत तळण फार पूर्वीपासून होते, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

४

आता मुख्य विषयाकडे वळू. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, निथळून सावलीत कोरडे करावे, पण अंगची ओल पुरती जाऊ देऊ नये. मग कांडून चाळावे, गूळ मिसळून गोळे काही दिवस मुरू द्यावे, आणि खसखशीवर थापून मंद आचेवर तळावे. खसखस सोडल्यास ही कृती गयेपासून तंजावरपर्यंत जवळजवळ सारखीच आहे. वस्तू एक आहे याविषयी वाद नसावा. नावे मात्र दोन गटांत पडतात.

पहिल्या गटात मराठी ‘अनारसा’, हिंदी ‘अनरसा’ व ‘अंदरसा’ ही रूपे येतात. दुसऱ्या गटात छत्तीसगढी ‘अइरसा’, ओडिया ‘आरिसा’, तेलुगू ‘अरिसे’, कन्नड ‘अत्तिरस’ व तमिळ ‘अदिरसम्’ ही रूपे येतात. नकाशावर पाहिले तर पहिला गट पश्चिमेस व उत्तरेस, दुसरा पूर्वेस व दक्षिणेस आहे. आणि मराठी व छत्तीसगढी यांच्यातील सीमारेषा करडीच्या पूर्वेस, गोंदिया जिल्हा ओलांडताच लागते.

दुसऱ्या गटाचे मूळ संस्कृत ‘अतिरस’ हे असावे असे तमिळ व कन्नड रूपांवरून सहज वाटते. विजयनगरच्या काळातील तिरुपतीच्या शिलालेखांत नैवेद्याच्या पदार्थांमध्ये हे नाव आढळते; तेव्हा ते निदान पंधराव्या-सोळाव्या शतकांइतके जुने आहे. परंतु तेलुगू ‘अरिसे’ व ओडिया ‘आरिसा’ एवढीच रूपे समोर असती, तर दुसरा एक तर्क बलवान ठरला असता. तमिळमध्ये तांदळाला ‘अरिसि’ म्हणतात. तांदळाचा पदार्थ म्हणून ‘अरिसे’, अशी व्युत्पत्ती कोणीही सुचवील. तेलुगूत तांदळाला ‘बिय्यमु’ हा निराळा शब्द आहे हा आक्षेप खरा. पण तेवढ्याने तो तर्क निकालात निघत नाही.

येथे छत्तीसगढी रूपाचे मोल कळून येते. ‘अतिरस’ या शब्दातील स्वरांमधला ‘त’ प्राकृतात गळून ‘अइरस’ हे रूप व्हावयास हवे. पुढे ‘क’ प्रत्ययाच्या विस्ताराने ‘अइरसा’. छत्तीसगढीत हेच रूप, ‘अ’ आणि ‘इ’ हे दोन्ही स्वर सुटे ठेवून, आजही उच्चारले जाते. ‘अरिसि’ या शब्दापासून ‘अइरसा’ सिद्ध करण्यासाठी मात्र ‘इ’ला ‘र’च्या मागून उचलून पुढे आणावे लागेल, आणि त्याचे कारण सांगता येणार नाही. उलट ‘अइरस’ या रूपात वर्णांचा व्यत्यास झाला असे मानले, तर ‘आरिसा’ व ‘अरिसे’ ही रूपे मिळतात. सारांश, संस्कृत कोश, तमिळ शिलालेख आणि मंदिरांच्या नैवेद्ययाद्या जी मधली कडी पुरवू शकत नाहीत, ती खेड्यातील बायकांच्या तोंडच्या एका शब्दाने पुरविली आहे.

पहिल्या गटाचे कोडे वेगळे आहे. ‘अंदरसा’ या रूपातील ‘द’ मूळचा नव्हे. ‘न’ आणि ‘र’ एकत्र आले की मध्ये ‘द’ उत्पन्न होतो; ‘वानर’ शब्दापासून ‘बंदर’ होताना हेच घडले. म्हणून ‘अनरसा’ हे जुने, ‘अंदरसा’ नंतरचे. पण याचाच अर्थ असा की, ‘न’ जुना आहे. आणि ‘अतिरस’ शब्दातून ‘न’ निघण्याचा कोणताही नियमित मार्ग नाही. तेव्हा दोनच पर्याय उरतात. एक, एकाच पदार्थाला प्रारंभापासून दोन स्वतंत्र नावे होती. दोन, ‘अइरसा’ सारख्या अपारदर्शक झालेल्या शब्दावर ‘अन्न’ शब्दाची छाया पडून ‘अनरसा’ घडला, जसा ‘शकर’ शब्दाचा ‘शंकर’ झाला. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. पण तो कलच आहे, सिद्धांत नव्हे. बंगालीत ‘आनारस’ म्हणजे अननस. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या या फळाच्या नावाशी आपल्या पक्वान्नाचा काहीएक संबंध नाही.

५

इतिहासाने या सीमारेषेवरून पुष्कळ वाहतूक केली आहे. नागपूरकर भोसल्यांनी १७४१ पासून छत्तीसगढ आपल्या सत्तेखाली आणले. कटक प्रांत १७५१ ते १८०३ पर्यंत त्यांच्याकडे होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर भंडारा आणि रायपूर पुन्हा एका राज्यकारभारात आले, आणि १८८० च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून गेला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा हा जुना शेजार राजकीय दृष्ट्या तुटला. दोन शतकांची ही ये-जा असूनही ‘अनारसा’ आणि ‘अइरसा’ ही दोन नावे आपापल्या जागी टिकली, यावरून सैन्य, कचेरी आणि आगगाडी यांच्यापेक्षा स्वयंपाकघर अधिक पुराणप्रिय असते असे म्हणावयास हरकत नाही.

विधीची वाट तर याहून निराळी. अधिकमासात तेहतीस ‘अपूपां’चे दान धर्मग्रंथांनी सांगितले. महाराष्ट्रातील घरांनी पोथीतला अपूप काढून त्या जागी अनारसा ठेवला आणि दानपात्र म्हणून जावयास बसविले. २०२३ च्या अधिक श्रावणातही हे वाण दिले गेले. संख्या वैदिक देवतांची, शब्द पोथीचा, वस्तू भातखाऊ मुलखाची, आणि मान जावयाचा : एका ताटात किती काळ एकत्र आले आहेत!

साम्य म्हणजे संबंध नव्हे, हे पूर्व आशियाकडे पाहिले असता पुन्हा पटते. सहाव्या शतकातील ‘छीमिन याओशू’ या चिनी कृषिग्रंथात तांदळाचे पीठ मधात भिजवून, कडी वळून, चरबीत तळण्याची कृती आहे. कोरियातील ‘युग्वा’साठी चिकट तांदूळ अनेक दिवस भिजवून आंबू देतात, मग कुटून, वाळवून तळतात. अनारशाची आठवण व्हावी अशीच ही रीत आहे. पण नावांत कोठेही दुवा नाही, आणि दुवा शोधण्याची गरजही नाही. तांदूळ भिजविला म्हणजे तो मऊ होतो व आंबतो. हे ज्ञान प्रत्येक भातप्रदेशाला आपापल्या पाण्याने शिकविले आहे.

६

शेवटी एका कर्तव्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. गूळ अधिक झाला किंवा पीठ नीट मुरले नाही, तर अनारसा तुपात फुटून पसरतो. त्या वेळी घरातील बाई म्हणते, ‘अनारसा हसला.’ बाईची फजिती झालेली असते, आणि हसतो मात्र अनारसा! ‘हसणे’ या धातूचा हा अर्थ पाकक्रियेतूनच जन्मला आणि पाकक्रियेबरोबरच जगतो. जाळी पडणे, मुरणे, थापणे, निथळणे यांचाही तेथील अर्थ नेमका व पारिभाषिक आहे. आता तयार अनारसा पीठ बाजारात विकत मिळते. त्यात वाईट काही नाही. तीन दिवसांचे श्रम वाचतात. परंतु कांडणे थांबले की कांडण्याचे शब्द थांबतात, आणि ते कोणी नोंदविलेले नसतात. कारण कोशकार ओसरीपर्यंत गेले, चुलीपर्यंत क्वचितच पोहोचले.

ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, आणि रसेलचे भंडारा गॅझेटियर १९०८ मध्ये. पहिल्यात व्याकरण आहे, दुसऱ्यात पिके व जाती आहेत. अनारसा हसल्याची नोंद करणे हे दोघांचेही काम नव्हते. ते आपले आहे. भंडारा-गोंदिया भागात झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकमेकींच्या शेजारी नांदतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने करडीपासून गोंदियाच्या पूर्व सीमेपर्यंत गावोगाव जाऊन एवढेच विचारावे : या पदार्थाला काय म्हणता, तो बिघडला म्हणजे काय म्हणता, आणि तुमच्या आजी काय म्हणत असत? ‘अनारसा’ आणि ‘अइरसा’ यांच्या दरम्यानचे एखादे रूप कोठे उच्चारले जात असेल, तर वर मांडलेल्या दोन पर्यायांचा निकाल त्या एका उच्चाराने लागेल. न लागला, तरी ज्या शब्दांना कोशात जागा मिळाली नाही त्यांना निदान आपल्या वहीत ती मिळेल. असे प्रमाण शिलालेखासारखे दगडावर कोरलेले नसते; ते सांगणाऱ्या आजीच्या आयुष्याएवढेच टिकते. म्हणून हे काम पुढील पिढीवर ठेवता येण्याजोगे नाही.