गनास्सीचे सात स्वर

१५३५ साली व्हेनिसमध्ये ‘फोंतेगारा’ नावाचे पुस्तक छापून निघाले. लेखक सिल्वेस्त्रो गनास्सी, तिथल्या डोजेच्या, म्हणजे गणराज्यप्रमुखाच्या, पदरचा वादक. विषय रेकॉर्डर: टोकाशी शिट्टीसारखी खाच असलेली, उभी धरून फुंकायची लाकडी बासरी, पुढे सात भोके, मागे अंगठ्याचे एक. इतर वादक तेरा स्वरांवर थांबतात, आपल्याला वरचे आणखी सात सापडले, असा गनास्सीचा दावा. त्यासाठी त्याने बोटांचे तक्ते दिले.

हे तक्ते बारकाईने पाहावेत. त्यांत अख्खी बासरी काढलेली आहे आणि तिच्यावर कारागिराची खूणही आहे. खुणा वेगवेगळ्या आहेत. कारण गनास्सीच सांगतो: प्रत्येक कारागीर पोकळी आपल्या पद्धतीने कोरतो, म्हणून बोटेही बदलतात. थोडक्यात, ‘गनास्सीची बासरी’ अशी एकच वस्तू पुस्तकात नाही.

तरी ते नाव आज रूढ आहे. १९७०च्या दशकात फ्रेड मॉर्गन या ऑस्ट्रेलियन कारागिराने व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातला एक जुना रेकॉर्डर आधाराला घेऊन गनास्सीच्या तक्त्यांशी जुळणारे नवे वाद्य घडवले. कळीचा स्वर पंधरावा. तक्त्यात तो सर्वांत खालच्या स्वराच्या बोटांत किंचित फरक करून, त्याचाच चौथा स्वयंभू स्वर (मूळ स्वरातूनच उमटणारा उपस्वर) म्हणून काढलेला आहे. तो तसा बोलायला पोकळी जमावी लागते: वर सरळ, भोकांच्या पट्ट्यात निमुळती, शेवटी फाकलेली. कारागीर हाताने रीमर, म्हणजे पोकळी रुंदावणारे पाते, फिरवतो, भुसा झटकतो, फुंकून पाहतो, पुन्हा फिरवतो. पंधराव्यासाठी तळ फाकवावा, तर इतर स्वर हलतात. आणि केसभर लाकूड जादा गेले की गेलेच.

आता पुराव्याचा हिशेब मांडू. पुस्तक बोटे सांगते, पोकळीचे माप देत नाही. संग्रहालयातले लाकूड माप देते, पण ते कोणी कसे वाजवले ते सांगत नाही. दोहोंमधला सांधा मॉर्गनचा आहे. तो तर्कशुद्ध आहे, कानाला पटणाराही आहे. पण सांधा तो सांधाच. नव्या वाद्यावर पंधरावा स्वर स्वच्छ उमटला, तर असे वाद्य करता येते एवढे सिद्ध होते. गनास्सीच्या हातात तेच होते, असे म्हणायला त्या स्वराची साक्ष पुरत नाही.