खोपोलीची वीज आणि लोणावळ्याचा महसीर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी उभारलेले खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले. त्यासाठी लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून भीमेच्या खोऱ्यातील पूर्ववाहिनी पाणी घाटाखाली कोकणात वळविण्यात आले.

महसीर हा विणीसाठी प्रवाहाच्या उगमाकडे जाणारा मासा होय. धरणांमुळे अशा माशांचा मार्ग खुंटतो. या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकात टाटांनी लोणावळ्यास दख्खनी महसीरचे (टॉर खुद्री) कृत्रिम प्रजनन हाती घेतले. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या तलावांच्या काठी मत्स्यसंवर्धनाचे केंद्र उभे राहिले, ही त्या काळात निश्चितच उल्लेखनीय घटना होती.

तथापि येथील मत्स्यबीज कावेरीसारख्या दूरच्या नद्यांतही सोडण्यात आले. कावेरीत मूळचा कुबडा महसीर (टॉर रेमादेवी) २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक या परक्या महसीरचीही गणना करतात. एका खोऱ्यातील संवर्धन दुसऱ्या खोऱ्यात संकट ठरले. म्हणून अशा उपक्रमांचे मूल्यमापन केवळ सोडलेल्या बीजाच्या संख्येवरून न करता, तो मासा त्या नदीचा मूळ रहिवासी आहे काय, या निकषावर करणे आवश्यक ठरते.