सक्ती कोणावर?

‘सक्ती’ हा शब्द कायद्यात आला, की वकिलाच्या मनात दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. ही सक्ती नेमकी कोणावर? आणि ती मोडली तर जाब कोणी द्यावयाचा? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात राजांची दूरदृष्टी, पुढाऱ्यांची तळमळ आणि सरकारची अनास्था यांचे वर्णन येते, व ते यथार्थही आहे. परंतु हे दोन प्रश्न त्यात क्वचितच विचारले जातात. ते विचारून पाहण्यास एका लहानशा तालुक्याची हकीकत फार उपयोगी पडते. तो तालुका म्हणजे जुन्या बडोदे संस्थानातील अमरेली.

बडोदे संस्थान सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत, आणि त्यांच्यामध्ये परक्या हद्दी. अमरेली प्रांत तर दूर काठेवाडात, इतर संस्थानिकांच्या मुलखांनी वेढलेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायकवाडांचे सुभे विठ्ठलराव देवाजी यांनी तेथे दीर्घकाळ कारभार केला. राज्यकर्ते मराठी, प्रजा गुजराती, अशी ही स्थिती. तेव्हा या प्रांतातील मुलांना शिकवायचे म्हणजे गुजरातीतूनच शिकवायचे. दरबाराची भाषा निराळी म्हणून प्रजेच्या मुलांची भाषा बदलावी, असे तेथे कोणी मानले नाही. सीमाभागात व परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी मंडळींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी इंग्रजी मुलखात काय चालले होते? मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई, आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. कुणबी आणा देई, पण त्याच्या गावात शाळा असेलच असे नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमके याच अन्यायावर बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास होतो, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. सरकारने ती मानली नाही. शाळा हवी असेल त्याने ती मागावी, मागणी वाढेल तशी सोय वाढेल, असे ते धोरण होते. ज्याच्या बापाने कधी पाटी पाहिली नाही त्याने शाळा मागावी कशी, याचे उत्तर त्या धोरणात नव्हते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली ते उत्तर आपल्या परीने शोधले. सर्व संस्थानात एकदम कायदा न करता त्यांनी अमरेली शहर आणि आसपासची नऊ गावे एवढाच प्रदेश निवडला, आणि तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हा प्रयोग आठ वर्षे एवढ्याच टापूत चालला. त्या आठ वर्षांतच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. गुजरातेत तो ‘छप्पनियो’ या नावाने आजही ओळखला जातो. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वेळी खर्चाला कात्री लावण्याचा मोह कोणाही दरबारास झाला असता. बडोद्याने १९०१ सालीच ही सक्ती संपूर्ण अमरेली तालुक्यास लागू केली, आणि १९०६ साली ती साऱ्या संस्थानात नेली.

बडोद्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत. सक्तीच्या शिक्षणाच्या निबंधाची मूळ कल्पना सोपी होती. ठरावीक वयाच्या मुलास शाळेत पाठविणे हे पालकाचे कर्तव्य ठरले. त्याने ते न केल्यास दंड. मुलींनाही हा नियम लागू होता, फक्त त्यांची वयोमर्यादा मुलांपेक्षा अलीकडे संपे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, खेड्यातील मुलीने शाळेत गेलेच पाहिजे असे एका राज्याने कायद्याने सांगावे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

या प्रयोगाचे महत्त्व ज्या एका गृहस्थांनी पुरते ओळखले ते म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला, आणि १६ मार्च १९११ रोजी आपले प्रसिद्ध बिल मांडले. दोन्ही प्रसंगी बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. शाळेत जाण्याच्या वयाच्या दर शंभर मुलांपैकी बडोद्यात ७९.६ शाळेत होते, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५. मुलींचे प्रमाण बडोद्यात ४७.६, ब्रिटिश हिंदुस्थानात ४. आणि या फरकाचे कारणही त्यांनी आकड्यांतच दाखविले. प्राथमिक शिक्षणावर बडोदे सरकार दर माणशी साडेसहा पेन्स खर्च करी, ब्रिटिश सरकार जेमतेम एक पेनी. रुपया तेव्हा सोळा पेन्सांचा, म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा. साडेसहा आणे विरुद्ध एक आणा, असा हा सरळ हिशेब होता.

गोखल्यांचे बिल अत्यंत सौम्य होते. ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, स्थानिक संस्थेची इच्छा असल्यास, सक्ती करावी. वाढीव खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने व दोन हिस्से सरकारने सोसावे. गरिबांस फी माफ असावी. एवढेच त्यात होते. तथापि १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते बिल फेटाळले गेले. एका देशी संस्थानिकाने दूरच्या तालुक्यात जे करून दाखविले, ते करण्याची हिंमत एवढ्या बलाढ्य साम्राज्यास झाली नाही.

येथवरची कथा अभिमानाची आहे, आणि सहसा ती येथेच थांबते. परंतु आणखी वीस वर्षे पुढे जाऊन १९३१ ची खानेसुमारी उघडली, तर चित्र थोडे बदलते. पाच वर्षांवरील दर हजार माणसांत बडोद्यात साक्षर होते २०९. मुंबई इलाख्यात १०८ आणि साऱ्या हिंदुस्थानात ९५. म्हणजे बडोदे दुपटीने पुढे होते. परंतु त्याच वर्षी त्रावणकोरात हे प्रमाण २८९ आणि कोचीनमध्ये ३३७ होते, आणि त्या दोन्ही संस्थानांत अशी राज्यव्यापी सक्ती नव्हती. १९०६ साली सात वर्षांचा असलेला मुलगा १९३१ साली बत्तीस वर्षांचा झाला होता. त्याच्याहून धाकटी सारी प्रजा सक्तीच्या अमलाखाली वाढलेली. वडीलधाऱ्या निरक्षर पिढीमुळे सरासरी खाली येते हे खरे, आणि मुलींची निम्मी संख्या शाळेबाहेर होती हेही खरे. तरी शंभरांतील ऐंशी मुलगे ज्या राज्यात पटावर होते, तेथे पंचवीस वर्षांनंतर हजारात दोनशे नऊच साक्षर निघावेत, याचा अर्थ काय?

अर्थ असा की, मूल पटावर आले होते, पण विद्या त्याच्याजवळ टिकली नव्हती. ठरावीक वय उलटले किंवा ठरावीक इयत्ता पास झाली की सक्ती संपे. सुगीच्या दिवसांत हजेरी रोडावे. शाळा सोडलेल्या मुलाच्या घरी वाचण्यास कागदाचा चिटोरा नसे. चार-सहा वर्षांत अक्षरे पुसट होत. हे सयाजीरावांच्या ध्यानात आले नाही असे मुळीच नाही. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले, बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि गावोगाव जाणाऱ्या फिरत्या पेट्यांची योजना केली, त्यामागे हेच निदान होते. शाळेत शिकलेले टिकावे म्हणून गावात पुस्तक हवे, हा विचार त्या काळच्या हिंदुस्थानात नवा होता.

परंतु दुसरे एक व्यंग ग्रंथालयाने भरून निघण्यासारखे नव्हते. तेथे माझे सुरुवातीचे दोन प्रश्न येतात. निबंधाने दंड ठेवला तो बापास. शाळेत मास्तर नसेल, असला तरी शिकवीत नसेल, एकाच मास्तराच्या गळ्यात सर्व इयत्ता असतील, तर दरबाराकडून जाब मागण्याचा मार्ग मुलास नव्हता. अस्पृश्यांच्या शाळांचे उदाहरण घ्या. सयाजीरावांनी १८८० नंतरच्या दशकातच त्या शाळा काढल्या. हे त्यांचे मोठेच धैर्य होय. पण त्यांत शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, आणि मुसलमान शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. गरीब बापावर सक्ती करता आली, शिक्षकाच्या मनावर ती करता आली नाही. बंधन असे एकाच बाजूस बांधलेले होते.

पुढील काळात हे बंधन कोणाच्या हाती द्यावे याचे निरनिराळे प्रयोग झाले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. बेळगावकडील वृद्धांस ‘बोर्डाची शाळा’ आठवत असेल, ती याच व्यवस्थेतली. तेथे शाळा चालविण्याची जबाबदारी बोर्डाची, पण मोठी रक्कम देणारे सरकार, असा दुहेरी संसार होता. १९३८ च्या दुरुस्तीने देखरेखीचे बरेच अधिकार सरकारने पुन्हा आपल्याकडे घेतले. पैसा एकाकडे, सत्ता दुसऱ्याकडे आणि दोष तिसऱ्याकडे, हे लहान गावच्या शाळेचे जुने दुखणे आहे.

१९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले, पण ते मार्गदर्शक तत्त्वात. त्यावर दावा लावता येत नसे. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या वयापर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने तो घटनेत लिहिला गेला, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या आठव्या कलमात ‘सक्तीचे शिक्षण’ याची व्याख्या आहे. तीनुसार सक्ती म्हणजे सरकारवरील बंधन. शाळा देणे, शिक्षक देणे, हजेरी व शिक्षण पुरे होईल असे पाहणे, हे सारे सरकारच्या माथी. मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य दहाव्या कलमात आहे, पण त्यास दंड नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असेही ठरले. १८९३ साली अमरेलीत ज्या बापावर दंड बसत होता, तो बाप आता निदान कागदावर तरी जाब विचारणारा झाला आहे.

हा फरक मी फार मोठा मानतो. तरी कागदावरचा हक्क आणि मुलाच्या हातातले पुस्तक यांत अजून अंतर आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सत्तावीसच मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. पट भरलेला आणि वाचन अपुरे, हे १९३१ चे दुखणे नव्या रूपात पुन्हा समोर आहे. ज्या समितीत पालक बसतात तिने केवळ पोषण आहाराच्या व रंगरंगोटीच्या हिशेबावर सह्या करून चालणार नाही. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलास समोर उभे करून एक पान वाचावयास लावावे, आणि जे वाचू शकत नाही त्याच्यासाठी काय केले हे मास्तरांस व अधिकाऱ्यांस विचारावे. कायद्याने तो अधिकार दिला आहे. तो वापरण्यास वकिलाची गरज नाही.