ग्राहक-परवाना (नभोवाणी व दूरदर्शन)

ग्राहक-परवाना : क्षेपित ध्वनी वा चित्रे ग्रहण करणारा संच घरी बाळगण्यासाठी गृहस्थाने वार्षिक शुल्क भरून टपालखात्यामार्फत सरकारकडून घ्यावयाची लेखी अनुज्ञा. बोलीत ‘रेडिओचे लायसन’ आणि पुढे ‘टीव्हीचे लायसन’. भारतात ही पद्धत १९८४-८५च्या सुमारास संपुष्टात आली. तरीही ‘आम्ही चालू कार्यक्रम पाहतच नाही, मग परवाना कशासाठी?’ हा तिच्याशी निगडित प्रश्न नागपूरच्या धरमपेठेतील बैठकीच्या खोल्यांतून अद्याप ऐकू येतो, कारण ज्यांची मुले विलायतेत स्थायिक झाली आहेत त्यांना तो रविवारच्या दूरध्वनीवर नव्याने विचारला जातो, आणि वडील मंडळी आपल्या काळच्या अनुभवावरून त्याचे जे उत्तर देतात ते तिकडच्या कायद्यास लागू पडत नाही.

कायद्याचे मूळ. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा परवान्याचे शुल्क वर्षाला १० रुपये होते व त्यांपैकी ८ रुपये कंपनीच्या पदरात पडत. परंतु संच विकत घेऊन परवाना मात्र न घेणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि १८८५चा तारायंत्र अधिनियम यंत्र उभारणे व चालविणे यांचा विचार करी, ते नुसते जवळ असण्याचा करीत नसे, त्यामुळे अशा श्रोत्यांस पकडणे दुर्घट होऊन बसले. १९३० साल संपतानाही साऱ्या देशातील परवाने आठ हजारांच्या आतच होते, आणि कंपनीचे दिवाळे त्याच वर्षी मार्चमध्ये वाजून गेले होते. हे छिद्र बुजविण्यासाठी १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम आला व १ जानेवारी १९३४पासून अंमलात आला. त्याच्या ३ऱ्या कलमाने परवान्यावाचून बिनतारी यंत्राचा कब्जाच निषिद्ध ठरविला. यंत्राची व्याख्याही अशी केली की, जे संदेशवहनासाठी वापरले जाते तेच नव्हे, तर जे वापरता येण्याजोगे आहे तेही तीत यावे. परवान्यावाचून ग्राहकसंच बाळगल्यास प्रथम अपराधाला १०० रुपयांपर्यंत व पुढील अपराधाला २५० रुपयांपर्यंत दंड, आणि संच जप्त करावा की कसे याचा निर्णय न्यायालयाकडे, अशी तजवीज ६व्या कलमात होती. त्याच कलमान्वये, ज्या जागेवर एखाद्याची प्रत्यक्ष हुकमत चालते त्या जागेत संच आढळल्यास कब्जा त्याचाच असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येई. म्हणजे ‘तो मेहुण्याचा आहे, आमच्याकडे नुसता ठेवला आहे’ ही सबब फारशी उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

‘कब्जा’ या एका शब्दात प्रस्तुत विषयाचे सारे मर्म आहे. सरकार श्रवणाबद्दल किंवा दर्शनाबद्दल पैसे घेत नव्हते. घरात वस्तू असण्याबद्दल घेत होते. संच माळ्यावर धूळ खात पडलेला असो की दिवाणखान्यात दिवसभर गात असो, तपासनिसाच्या लेखी दोन्ही सारखेच.

नागपुरातील स्थिती. या तत्त्वाची विचित्रता नागपुराइतकी स्पष्टपणे फार थोड्या शहरांस अनुभवावी लागली असेल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तत्पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या राजधानीत स्वतःचे केंद्र नसताना, मुंबई वा दिल्लीच्या खरखरत येणाऱ्या बातम्यांसाठी कान टवकारून बसणाऱ्या श्रोत्यासही परवाना घ्यावाच लागे. दूरदर्शनाच्या बाबतीत तर या न्यायाची कमालच झाली. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. पण सुमारे आठशे किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात त्याची चित्रे पोचण्याची कोणतीच शक्यता नव्हती. त्या वर्षांत मुंबईहून बदली होऊन धरमपेठेत बिऱ्हाड केलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने सरकत्या लाकडी दारांचा आपला संच सामानाबरोबर आणला, तर तो संच म्हणजे फुलदाणी ठेवण्याचे एक टुमदार मेज ठरे. पडद्यावर दिसावयाच्या त्या केवळ मुंग्या. मात्र कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो ‘वापरण्याजोगा’ असल्यामुळे परवान्यातून सुटत नसे. चालू दूरदर्शन नसलेल्या घराला परवाना लागतो काय, या प्रश्नाचे तत्कालीन उत्तर याहून अधिक स्पष्ट मिळणे कठीण आहे : लागत होता.

१९८०चे दशक उजाडल्यावर, आशियाई क्रीडास्पर्धा आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी आलेले रंगीत प्रक्षेपण यांच्या निमित्ताने देशभर प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागले, आणि धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर या वस्त्यांच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. त्याच सुमारास व्हीसीआर भाड्याने आणून, शेजाऱ्यांस सतरंजीवर बसवून, एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहण्याची चाल पडली. ‘आम्ही फक्त कॅसेट पाहतो’ असा युक्तिवाद अर्थातच पुढे येई. तो तर्काच्या दृष्टीने निर्दोष व कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी होता, कारण कॅसेट दाखविणारा संच दूरदर्शनही दाखवू शकत असे आणि प्रश्न त्या शक्यतेचा होता.

पुस्तिका व वसुली. दूरदर्शनाचे शुल्क वर्षाला ५० रुपये होते. रेडिओचे १५, आणि एक-दोन पट्ट्यांच्या साध्या ट्रान्झिस्टरला त्याच्या निम्मे, साडेसात रुपये. परवाना म्हणजे पारपत्राहून लहान अशी एक पुस्तिका असे. तीत धारकाचे नाव, पत्ता, आणि पुढील पानांवर वर्षावर्षाची परवाना-तिकिटे चिकटविलेली व त्यांवर टपालाचा गोल शिक्का उमटलेला. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या अशा एका पुस्तिकेत तिकिटांखालचा खळीचा डाग पानाच्या मागील बाजूस उतरला असून, एका वर्षीचा शिक्का अर्धा तिकिटावर व अर्धा धारकाच्या सहीवर पडला आहे. मुदत टळली की अधिभार भरावा लागे, म्हणून विजेच्या बिलाच्या व घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ही पुस्तिकाही देवघराशेजारच्या फडताळात, हाताला लागेल अशी ठेवलेली असे. वायरलेस तपासनीस दारी येण्याच्या वार्तेने संच गोधडीखाली दडविल्याच्या कथा प्रत्येक आळीत सांगितल्या जातात. त्यांपैकी निम्म्या तरी ऐकीव असाव्यात, परंतु पत्र्यावरची काडी गोधडीखाली दडत नाही, एवढे मात्र खरे.

रद्द होण्याची कारणे. परवान्याचे आर्थिक प्रयोजन जाहिरातींनी हळूहळू पोखरले, आणि त्याचा आरंभ योगायोगाने नागपूरशीच संबद्ध आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून. दूरदर्शनाने १ जानेवारी १९७६पासून तोच मार्ग धरला आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका सुरू झाल्यावर प्रेक्षकाच्या पन्नास रुपयांपेक्षा साबण-वनस्पती तुपाच्या कारखानदारांचा पैसा सरकारला अधिक सुलभ वाटू लागला. शिवाय स्वस्त ट्रान्झिस्टर खेडोपाडी पसरल्यावर साडेसात रुपयांच्या मागे कारकून व तपासनीस धाडणे हा वसुलीपेक्षा खर्चाचाच प्रकार झाला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते हा परवाना लोकांच्या रोषामुळे नव्हे, हिशेबाच्या वहीमुळे गेला.

पश्चात स्थिती. परवाना गेला तरी पैसे देणे थांबले नाही. फक्त ते संचावरून जोडणीवर सरकले. १९९५च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने नोंदणीचे बंधन गृहस्थावर नव्हे, केबलचालकावर घातले, आणि ही नोंदणी प्रारंभी करावी लागे ती मुख्य टपालकचेरीत, हा जुन्या व्यवस्थेचा उरलेला धागा होता. राज्य सरकार केबलच्या प्रत्येक जोडणीमागे करमणूक शुल्क घेई. ते १ जुलै २०१७पासून वस्तू व सेवा करात विलीन झाले. ३१ मार्च २०१३च्या मुदतीने नागपुरात केबलच्या पेट्या सक्तीच्या झाल्या. परंतु ही सर्व देणी कराराची आहेत : जोडणी तोडली की देणे सरते. डीडी फ्री डिशची तबकडी बसविणाऱ्यास तर मासिक वर्गणीही नाही. १९३३चा अधिनियम निरसित करण्याची तरतूद २०२३च्या दूरसंचार अधिनियमात केलेली असून त्या नव्या अधिनियमाची कलमे जून २०२४पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

परदेशांतील भिन्न तत्त्वे. ब्रिटनमध्ये नभोवाणीचा परवाना १९२२ साली १० शिलिंगांनी व दूरदर्शनाचा जून १९४६मध्ये २ पौंडांनी सुरू झाला. २०२५-२६चे शुल्क १७४.५० पौंड होते. तेथे आज पकड कब्जावर नसून उपयोगावर आहे. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम चालू असताना पाहणे, मग तो संचावर असो वा भ्रमणध्वनीवर, आणि १ सप्टेंबर २०१६पासून बीबीसीच्या आयप्लेअरवर काहीही पाहणे, यांस परवाना लागतो; केवळ डीव्हीडी वा नेटफ्लिक्सवरचे चित्रपट पाहणाऱ्या घरास तो लागत नाही, व तसे जाहीर कळविण्याची सोयही आहे. म्हणजे लंडनच्या मुलाच्या भिंतीवरचा मोठा पडदा निरपराध असू शकतो आणि त्याच्याकडे राहावयास गेलेल्या वडिलांनी हातातल्या फोनवर लावलेला तेथील वाहिनीवरचा थेट सामना परवान्याच्या कक्षेत येऊ शकतो. धरमपेठेच्या जुन्या अनुभवाच्या हे नेमके उलट आहे. जर्मनीने १ जानेवारी २०१३पासून कब्जा व उपयोग दोन्ही बाजूस सारून प्रत्येक निवासस्थानामागे एकच अंशदान ठरविले. तेथे रेडिओ नाही, संच नाही, असे सांगून सुटका होत नाही. फ्रान्सने आपले शुल्क २०२२ साली रद्द केले.

धरमपेठेतील, किंबहुना भारतातील कोणत्याही घरास, चालू दूरदर्शन पाहिले जात असो वा नसो, आज ग्राहक-परवान्याची गरज नाही. त्या नावाखाली कोणी दारी येऊन शुल्क मागू लागल्यास वाचकाने ते देऊ नये.